बाद केलेल्या दोन नळ्या

बाईंच्या प्रयोगशाळेत माणसं येत नसत, त्यांचं रक्त येई. बर्फाच्या डब्यात उभ्या करून ठेवलेल्या नळ्या, प्रत्येकीला डकवलेली एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर क्रमांक, वय, पुरुष की स्त्री. एवढ्यावर बाईंचं काम चाले. माणसाचं शरीर कशानं वाढतं आणि कशानं अडतं, हा त्यांचा विषय. त्यातही सोमॅटोमेडिन. नाव जुनं झालंय, आताची मुलं त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखतात. पण बाईंना त्यांच्या सरांनी जुन्याच नावानं शिकवलं होतं आणि बाईंनी ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

नवरा रेडिओवर बातम्या वाचायचा. विज्ञानाशी त्याचा संबंध एवढाच की कठीण शब्द आला की तो बाईंना उच्चार विचारी. एकदा त्यानं खोदून विचारलं, "तू दिवसभर मोजतेस तरी काय?"

"मेंदूच्या बुडाशी एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. तिच्यातून वाढीचं हार्मोन सुटतं. पण ते भारी लहरी. कधी एकदम भसाभसा, कधी तासन्तास पत्ता नाही. रक्तात ते एकदा मोजून काही कळत नाही. ते जाऊन यकृताला हुकूम देतं, मग यकृत सोमॅटोमेडिन तयार करतं. हाडं वाढवणं, कूर्चा वाढवणं, हे बरंचसं काम पुढे त्याच्याकडून होतं. आणि ते रक्तात दिवसभर एकसारखं असतं."

"म्हणजे साहेब मधूनच येऊन ओरडून जातो आणि कारकून दिवसभर खुर्ची सोडत नाही."

"अगदी बरोबर. ऑफिसात काम किती चाललंय हे बघायचं तर कारकुनाला गाठायचं."

नवऱ्याला ही उपमा इतकी आवडली की पुढच्या विज्ञानवार्तेत त्यानं ती बाईंना न विचारता ठोकून दिली. बाईंच्या संशोधन संस्थेत आठवडाभर सगळे त्यांना 'कारकुनाचं कसं काय चाललंय' म्हणून चिडवत होते.

तर त्या वर्षी बाईंनी एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. निरोगी माणसाच्या रक्तात सोमॅटोमेडिन किती असावं, याचे आकडे तोवर परदेशी पुस्तकांतून उचलले जात. बाईंना ते आपल्या माणसांच्या रक्तातून काढायचे होते. त्यासाठी धडधाकट माणसं हवी होती, वेगवेगळ्या वयांची. पण रक्त द्यायचं म्हटल्यावर भलीभली माणसं पाठ फिरवतात. बाईंनी संस्थेतल्या लोकांच्या विनवण्या केल्या, शेजाऱ्यांना गळ घातली, आणि तरी माणसं कमी पडली तेव्हा एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवऱ्याचा हात पसरून स्वतःच सुई टोचली.

"विज्ञानासाठी रक्त सांडतोय," तो शाळकरी लेकीला म्हणाला. "लिहून ठेव."

"बाबा, एक चमचाभर तर घेतलंय आईनं," लेक म्हणाली.

आकडा आला तो पहिल्या नजरेतच डोळ्यांत खुपला. त्याच्या वयाच्या बाकी पुरुषांचे आकडे एका ओळीत बसल्यासारखे जवळजवळ होते. हा एकटा त्यांच्या डोक्यावरून पार वर. चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण ती चिठ्ठी बाईंनी स्वतःच डकवली होती.

प्रयोगशाळेत त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. बाई खुर्चीत मागे टेकल्या. नळी घरून आणताना बर्फ वितळला असेल. रबरी बूच नीट बसलं नसेल. यंत्राची सुई चुकली असेल. कारणं एकामागून एक हजर झाली. निबंध परिषदेला पाठवायची मुदत तोंडावर आली होती. पुन्हा रक्त घ्यायचं म्हणजे पुन्हा सगळा घाट. बाईंनी तो आकडा बाद केला आणि उरलेलं रक्त कचऱ्याच्या लाल डब्यात टाकलं.

खरं म्हणजे हे सगळं मिळून मिनिटभराचं काम. पण त्या मिनिटात एक क्षण असा होता की त्यांचा हात थबकला होता. पुन्हा तपासलं तर आकडा खाली येणारच, अशी खात्री असती तर त्यांनी दहा वेळा तपासलं असतं. ती खात्री नव्हती. म्हणूनच त्यांनी तपासलं नाही. हे त्यांनी तेव्हा स्वतःलाही कळू दिलं नाही.

निबंध गाजला. 'आकडे किती स्वच्छ आहेत,' असं परिषदेत एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले. बाईंना शाल नाही, नारळ नाही, पण सगळ्यांसमोर मिळालेली ती दाद पुरेशी होती.

त्यानंतरच्या वर्षांत नवऱ्याचा आवाज हळूहळू खाली उतरू लागला. मुळात चांगला आवाज, त्यात आता खर्जाची अशी काही भर पडली की ऐकणारा हातातलं काम थांबवी. श्रोत्यांचे फोन येऊ लागले. मुख्य बातमीपत्र त्याच्याकडे आलं. जाहिरातवाले मागे लागले. बाईंनाही तो आवाज आवडायचा. सकाळी दात घासता घासता त्या रेडिओ लावत आणि स्वतःशीच हसत. "आता कुठे तुझा आवाज वयात आला," असं त्या त्याला म्हणाल्याही होत्या.

घोरणं वाढलं तेव्हा त्यांनी त्याची उशी दुसऱ्या खोलीत नेली. अंगठी बोटात रुतू लागली तेव्हा साबण लावून ती काढून कपाटात ठेवली. "सुख मानवलंय तुला," त्या म्हणाल्या. बूट एक माप मोठे घ्यावे लागले तेव्हा कंपनीनं मापं बदलली असतील असं दोघांनी ठरवून टाकलं. गुडघे दुखत, घाम फार येई, दुपारी डोकं ठणके. वय झालं, दोघंही म्हणत. रोज बघितलेल्या चेहऱ्यात काय बदललं, हे रोज बघणाऱ्याला सांगता येत नाही.

मग जीभ दगा देऊ लागली. आधी 'ळ' अडखळला, मग 'र'. जोडाक्षर आलं की तोंडात घास असल्यासारखं होई. एकदा भर बातम्यांत एका मंत्र्याचं आडनाव त्यानं असं काही उच्चारलं की दुसऱ्या दिवशी मंत्र्याच्या कचेरीतून केंद्रप्रमुखांना फोन आला. केंद्रप्रमुखांनी बोलावून विचारलं, "सकाळी सकाळी घेता की काय?" ज्या माणसानं आयुष्यात बिअरला हात लावला नव्हता, त्याला हा प्रश्न. घरी येऊन त्यानं हे बाईंना सांगितलं.

"सराव सुटलाय तुझा," बाई म्हणाल्या. "दातांत पेन्सिल धरून वाचत जा. गाणारे लोक रियाज करतात, तू काय वेगळा आहेस?"

तो खरोखरच पेन्सिल धरून बसू लागला. बंद दाराआडून त्याचा तो घोगरा, लडबडलेला आवाज येई, "तळ्याकाठी... तळ्याकाठी..." आणि बाई स्वयंपाकघरात कुकरची शिटी मोजत उभ्या असत. त्याचं बातमीपत्र गेलं. मग त्याला ध्वनिफितींच्या संग्रहात बसवलं. जुन्या फितींवरची धूळ पुसायची, नावं लावायची, कुणाशी बोलायचं नाही.

सगळं उघडं पडलं ते एका साध्या गमतीतून. रेडिओ केंद्राच्या दाराशी हजेरीचं नवं यंत्र बसवलं होतं. यंत्रासमोर चेहरा धरायचा, ते आपल्याजवळच्या जुन्या फोटोशी ताडून बघतं आणि दार उघडतं. रात्री जेवताना नवरा सांगू लागला, "सगळ्यांना आत घेतलं, मला काही घेईना. चष्मा काढला, केस मागे घेतले, तरी नाही. शेवटी यंत्र बसवणारा पोरगा आला. फोटो बघितला, मला बघितलं, आणि म्हणतो, साहेब, चुकून तुमच्या धाकट्या भावाचा फोटो लागलाय वाटतं!"

लेक खो खो हसली. बाईही हसल्या. हसता हसता त्यांनी मान वर केली आणि त्यांचा हात आमटीच्या वाटीवरच राहिला.

समोर बसलेल्या माणसाच्या भुवयांचं हाड पुढे आलं होतं. खालचा जबडा वरच्याच्या पुढे सरकला होता. हसताना दातांमध्ये फटी दिसत होत्या. नाक रुंद, ओठ जाड, आणि पोळीचा तुकडा मोडणारी बोटं केळ्यांसारखी. हा चेहरा बाईंनी पाठ्यपुस्तकांत शेकडो वेळा पाहिला होता. विद्यार्थ्यांना शिकवताना त्या दरवर्षी तो पडद्यावर दाखवत. 'पिट्युटरीवर गाठ आली आणि वाढीचं हार्मोन मोठेपणी वाहत राहिलं, तर माणूस उंच होत नाही, जाड होत जातो. हात, पाय, जबडा, जीभ, काळीज.' हे त्यांचं पाठ झालेलं वाक्य.

आणि त्याच क्षणी त्यांना ती नळी आठवली. आठवली म्हणजे काय, ती इतकी वर्षं तिथेच होती.

"काय गं? काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"उद्या सुट्टी टाक," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांकडे जायचंय."

पुढचं सगळं भराभर झालं. रक्ताची तपासणी, मेंदूचं छायाचित्र, त्यात दिसलेली द्राक्षाएवढी गाठ. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तरुण होते आणि आडवळणानं बोलायची त्यांना सवय नव्हती. नाकातून आत शिरून गाठ काढता येईल, पण ती बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीला जाऊन चिकटली आहे, तेवढा भाग सोडावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. "मग दर महिन्याला इंजेक्शन, बहुधा जन्मभर. चार-पाच वर्षं आधी आला असतात तर लहानशी असती. सगळीच निघाली असती."

"आधी कसं कळणार?" नवरा म्हणाला.

"हो, तेही खरंच," डॉक्टर म्हणाले.

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. खाली वाहनतळावर एक माणूस गाडीची काच पुसत होता, तेच तेच पुसत होता.

घरी परतताना लेक मागच्या सीटवर मोबाइलमध्ये वाचत होती. आता ती कॉलेजात होती. तिनं विचारलं, "आई, हे सोमॅटोमेडिन वाढतं त्यातच ना? तू हेच काम करतेस ना गं?"

उत्तर नवऱ्यानं दिलं. "अगं, आईकडे नळ्या येतात, माणसं येत नाहीत. माझी नळी तिच्याकडे गेली असती तर तिनं तेव्हाच पकडलं असतं."

तो विसरला होता. स्वयंपाकघरातलं टेबल, सुई, चमचाभर रक्त, सगळं विसरला होता. लेकही विसरली होती. जगात ते लक्षात असणारं एकच माणूस गाडी चालवत होतं, आणि त्या माणसानं नुसता गिअर बदलला.

आता सांगून त्याला कशाला घाबरवायचं, शस्त्रक्रिया होऊ दे, असं बाईंनी ठरवलं. शस्त्रक्रिया झाली. मग टाके, नाकातले बोळे, अशक्तपणा. जरा बरं वाटू दे, असं ठरवलं. तो बरा होऊ लागला. चेहऱ्यावरची सूज ओसरली, घोरणं थांबलं, आणि हळूहळू जीभ हलकी झाली. हाडं काही परत जाणार नव्हती, जबडा तसाच राहणार होता, पण 'र' परत आला. तो खुशीत असताना सांगावं तर ती खुशी मोडेल, तो खिन्न असताना सांगावं तर आगीत तेल. थोडक्यात, सांगण्यासारखा दिवस कुठलाच नव्हता.

त्यात लोक बाईंचं कौतुक करू लागले. 'जेवता जेवता ओळखलं म्हणे! नवरा वाचवला हो बाईंनी.' संस्थेचे संचालक भर सभेत म्हणाले, 'संशोधक असावा तर असा, घरीही डोळे उघडे.' टाळ्या झाल्या. बाई उठून हसल्या आणि बसल्या.

एका दुपारी नवरा टेबलावर कागद पसरून बसला होता. केंद्रप्रमुखांनी त्याला त्याच्या आजारावर एक भाषण करायला बोलावलं होतं. आपण नको तो प्रश्न विचारला याची त्यांना लाज वाटत असावी. तो मोठ्यानं वाचून बघत होता.

"'...आणि त्या रात्री माझ्या पत्नीनं मान वर केली. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. एका नजरेत तिनं ते ओळखलं, जे...'"

"ते काढून टाक," बाई म्हणाल्या.

"का? जास्त नाटकी होतंय?"

"खोटं आहे ते."

त्यानं चष्मा काढला. बाई उभ्याच होत्या. बसलो तर बोलणं होणार नाही, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी सगळं सांगितलं. रविवार, टेबल, नळी, आकडा. हात थबकला होता तेही सांगितलं. न सांगता चालण्यासारखं होतं, पण सांगितलं.

त्यानं चष्मा टेबलावर ठेवला. मग त्यानं विचारलं, "आकडा किती होता?"

बाईंनी सांगितला.

"आणि असायला किती हवा होता?"

"त्याच्या निम्म्याहून कमी."

"तेव्हा कळलं असतं तर?"

"गाठ पुरी निघाली असती. इंजेक्शनं लागली नसती. तुझी जीभ..."

"तू मला पेन्सिल धरायला सांगितलीस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं बाईंना वाटलं. "दारुडा म्हणवून घेतलं मी. संग्रहात फिती पुसल्या. आणि तू म्हणालीस, सराव सुटलाय."

"हो."

"तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. पण... माहीत करून घ्यायचं नव्हतं."

तो उठला आणि कागद गोळा करू लागला. ते जाड हात कागद जुळवता जुळवता मध्येच थांबले.

"माझी एकच का?" त्यानं विचारलं. "का अजून कुणाची नळी अशी बाद केलीस?"

हा प्रश्न बाईंनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आपल्या अपराधात त्या इतक्या बुडाल्या होत्या की त्यात दुसरं कुणी असेल हे मनातच आलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या.

होती. अजून एक नळी होती.

संस्थेच्या दारातल्या टेलिफोनवर एक तरुण बाई बसायची. सगळे तिला हॅलोताई म्हणत. दुसरं बाळ झाल्यावर काही महिन्यांनी ती कामावर परत आली होती आणि हसत हसत तिनं रक्त दिलं होतं. तिचा आकडा उलटा, फार खाली. बाळंतीण आहे, धड जेवत नसेल, उपाशी माणसाचा आकडा उतरतोच, असं म्हणून बाईंनी तोही बाद केला होता. नंतर तिनं दोन-तीनदा विचारलं होतं, "मॅडम, माझा रिपोर्ट?" आणि बाईंनी जिना चढता चढता म्हटलं होतं, "काही विशेष नाही गं, सगळं ठीक आहे."

पुढे हॅलोताई कामावर पेंगू लागली. फोन वाजत राहायचे. आवाज बसका झाला, लोकांना वाटे उर्मटपणे बोलते. एक दिवस तिच्या जागी दुसरी मुलगी दिसली. बाईंनी चौकशीसुद्धा केली नाही.

"कुठे राहते ती?" नवऱ्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"मग शोध," तो म्हणाला आणि आतल्या खोलीत निघून गेला.

तिचा पत्ता जुन्या रखवालदारानं सांगितला. शहराच्या कडेला, कपडे इस्त्री करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. जिना चढताना इस्त्रीची गरम वाफ अंगावर येत होती. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. तो किल्ल्या बनवायचा, हातात अजून कानस होती.

हॅलोताई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. इतक्या उकाड्यात तिच्या अंगात स्वेटर होता. चेहरा फिकट, मेणासारखा. भुवया विरळ झाल्या होत्या. वयानं ती बाईंपेक्षा कितीतरी लहान, पण बघणाऱ्याला उलटं वाटलं असतं.

"मॅडम?" ती म्हणाली. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, सावकाश. "तुम्ही कशा काय इकडे?"

"तुला बघायला आले. बरं नसतं का?"

"बरं नसायला काय झालंय तिला!" किल्लीवाला म्हणाला. त्यात राग कमी आणि थकवा जास्त होता. "डॉक्टर झाले, टॉनिक झाली. सगळे म्हणतात, काही नाही. दिवसभर झोपते. आई तर म्हणते, कामाचा कंटाळा, दुसरं काय."

बाईंनी तिला विचारलं, "दुसऱ्या बाळंतपणात काय झालं होतं?"

"फार रक्त गेलं होतं," हॅलोताई म्हणाली. "तीन बाटल्या चढवल्या. बाळाला पाजायला दूधच आलं नाही. तेव्हापासून पाळीही नाही. मला वाटलं, अंगात रक्तच उरलं नाही म्हणून."

हे सगळं बाईंनी पुस्तकात वाचलं होतं. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला की कधीकधी ती वाटाण्याएवढी ग्रंथी सुकून जाते. मग हुकूम द्यायला साहेबच नाही. शरीरातलं एकेक खातं बंद पडत जातं. दूध नाही, पाळी नाही, ऊब नाही, उठायचं बळ नाही. औषध साधं असतं, गोळ्या असतात. त्या न मिळता एखादा मोठा ताप आला असता तर ही बाई त्यातून उठली नसती.

"मॅडम," हॅलोताईनं विचारलं, "त्या वेळी माझं रक्त घेतलं होतंत. त्यात काही दिसलं नव्हतं ना?"

खोलीत खालून इस्त्रीचा आवाज येत होता, धप्, धप्. किल्लीवाला कानस हातात धरून उभा होता. इथे खोटं बोलणं सोपं होतं, कुणी पडताळणारं नव्हतं.

"दिसलं होतं," बाई म्हणाल्या. "मी ते बाद केलं. तुला ठीक आहे म्हणून सांगितलं. माझी चूक आहे ती, सगळी माझी."

हॅलोताईला ते पोचायला वेळ लागला. तिच्या डोळ्यांत काही येईल म्हणून बाई वाट बघत राहिल्या, पण ती नुसती बघत होती. किल्लीवाला मात्र भडकला. "म्हणजे आम्ही हिला आळशी म्हणून बोल लावत बसलो, आणि तुमच्याकडे..." तो बायकोकडे वळला, आणि बाईंनी पाहिलं की त्याचा अर्धा राग त्याच्या स्वतःवरच आहे. त्या गोष्टीनं त्यांना जरासुद्धा सुटल्यासारखं वाटलं नाही. या घरात इतकी वर्षं एका आजारी बाईला जी बोलणी बसली, त्यांचं मूळ त्यांच्या एका वाक्यात होतं.

"मला शिव्या नंतर द्या," त्या म्हणाल्या. "आधी हिला दवाखान्यात नेऊ. गाडी खाली उभी आहे."

तपासण्या झाल्या आणि निदान ठरलं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आधी एक, काही दिवसांनी दुसरी. आठवडाभरात तिनं स्वेटर काढला. नंतर एका सकाळी ती स्वतः जिना उतरून इस्त्रीवाल्याकडे गप्पा मारायला गेली आणि किल्लीवाल्याची आई दारात उभी राहून बघत राहिली, हे बाईंना त्यानंच फोनवर सांगितलं. सांगितलं आणि फोन ठेवला, आभार मानले नाहीत. बाईंना त्याची अपेक्षाही नव्हती.

बाईंनी संचालकांना सगळं लिहून कळवलं. यापुढे कुठलाही नमुना बाद करायचा असेल तर त्या माणसाचं रक्त पुन्हा घ्यायचं, आणि आकडा पुन्हा तसाच आला तर त्याला बोलावून सांगायचं, असा नियम करा म्हणाल्या. संचालक वैतागले. "अहो, तुमच्या निबंधात तर चूक नाही! ते दोघं आजारीच निघाले, म्हणजे निरोगी माणसांतून त्यांना काढलंत ते योग्यच होतं."

हेच बाईंना सगळ्यात जास्त खात होतं. निबंधातला एकही आकडा बदलावा लागणार नव्हता. तो तसाच स्वच्छ राहणार होता. नियम मात्र त्यांनी करून घेतला, आणि तो होईपर्यंत संचालकांच्या खोलीतून उठल्या नाहीत.

हॅलोताईचा फोन पावसाळा संपता संपता आला. बाईंनी आवाज ओळखलाच नाही, इतका तो मोकळा झाला होता.

"मॅडम, मला नोकरी लागली. एका दवाखान्यात, फोनवरच. परवापासून जाणार."

"फार बरं झालं गं."

"तुम्ही आलात ते चांगलं केलंत. हे सांगायलाच फोन केला." ती थांबली. "पण धाकटा माझ्याकडे येत नाही, मॅडम. रात्री आजीकडेच झोपतो. त्याला आठवतंय तेव्हापासून मी पलंगावरच. त्याचं तुम्ही काय करणार?"

"काहीच करू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"तेच," हॅलोताई म्हणाली. तिनं शिवी दिली नाही की माफही केलं नाही. "बरं, ठेवते. स्वयंपाक व्हायचाय."

संध्याकाळी बाईंनी हे नवऱ्याला सांगितलं. रेडिओवरचं ते भाषण त्यानं कधी दिलं नाही. पण दर रविवारी रेडिओवर गोष्ट वाचून दाखवायचं काम त्याला आता मिळालं होतं, आणि तो पुढच्या गोष्टीवर पेन्सिलीनं खुणा करत बसला होता. दोघांत बोलणं होई, पण कामापुरतं. भाजी आणली का, इंजेक्शनची तारीख कधी, लेकीची फी भरली का.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"जाईल की नाही, सांगता येत नाही."

"हो."

तो पुन्हा खुणा करू लागला. थोड्या वेळानं मान वर न करताच म्हणाला, "हा शब्द बघ. 'शल्यविशारद'. नीट येतोय का ऐक." आणि त्यानं तो शब्द उच्चारला. 'र' जरासा जड आला. बाईंनी ते ऐकलं.

"'र' जड आला," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हण."